लॉट सत्तेचाळीसचा आठवा दिवस

१

टेबलावर दोन गोष्टी होत्या. एक संगणक, ज्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घोंघावत होता. आणि पोलीस ठाण्यात द्यायच्या तक्रारीचा टाइप केलेला कागद. कागदावर आरोपीचं नाव घालून झालं होतं, प्रिया भिवा साळवे, प्रयोगशाळा सहायक. गुन्हा नेमका काय झालाय ते शोधायला मला बोलावलं होतं. आधी आरोपी ठरवायचा आणि मग गुन्हा हुडकायचा, ही तऱ्हा बघून माझं डोकं तिथेच फिरलं.

माझं नाव बेबीनंदा म्हस्के. वय पन्नास, त्यामुळे नावाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. जुन्या जालन्यात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली, दर दुसरा माणूस यंत्र माझ्या पुढ्यात आदळतो आणि निदानही स्वतःच करतो, "व्हायरस आलाय." अरे, मग माझ्याकडे कशाला आलास? घरीच काढा पाज त्याला!

ही कंपनी एमआयडीसीतली, बियाणं साफ करून पिशव्या भरणारी. नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर वकील येतील. मालक कल्याणराव कागदावर बोट आपटत होते.

"बाई, सीधी गोष्ट आहे. त्या पोरीनं बुधवारी सकाळी लॅबच्या मशीनला पेनड्राइव्ह लावला. दुपारपासून मशीन मेलं. तुम्ही फक्त लिहून द्या, व्हायरस आल्ता म्हणून. उद्या चार वाजता मी हा कागद ठाण्यात धाडून राह्यलो."

"बघितल्याशिवाय मी काही लिहीत नाही."

"बघायचं काय त्यात? आमच्या हरिओमनं बघितलंय बराबर."

"मग हरिओमकडूनच लिहून घ्या," मी म्हटलं आणि पिशवी उचलली. तेव्हा कुठे ते मशीनपुढून बाजूला झाले.

प्रियाशी मी येतानाच बोलले होते. फाटकाबाहेर लिंबाखाली ती मांडीवर प्लॅस्टिकची फाईल घेऊन बसली होती. गुरुवारपासून तिला आत घेत नव्हते, तरी ती रोज वेळेवर येऊन बसत होती. वय पंचविसाच्या आतबाहेर. वडील जाफराबादकडे मजुरी करतात.

"ताई, मी पेनड्राइव्ह लावल्ता, खोटं कशाला सांगू? माझ्या अर्जाची प्रिंट काढायची होती. सोमेश्वर सरांना विचारून काढली. कृषी सेवकाच्या परीक्षेत माझं नाव लागलंय. पुढच्या महिन्यात कागदपत्रं तपासणार. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागतो त्याला." तिने फाईल घट्ट धरली. "नावावर केस पडली तर दाखला कोण देईल मला?"

त्या वेळी मी तिला धीर दिला नाही. धीर देणं मला जमत नाही, मला फक्त राग येतो.

२

लॅबमध्ये तो संगणक एकटाच होता. त्याला इंटरनेट नव्हतं. फक्त एक तार भिंतीतून ऑफिसच्या संगणकाला जात होती. मी खुर्ची ओढून बसले तेव्हा पलीकडच्या लोखंडाच्या री-रोलिंग मिलचा साडेबाराचा भोंगा वाजत होता, आणि पडद्याच्या कोपऱ्यात बारा चाळीस झाले होते. एक खिडकी उघडायला यंत्र इतका वेळ घेई की मध्ये चहा पिऊन व्हावा.

हरिओम माझ्या मागे उभा होता. कंपनीचे सगळे संगणक तोच सांभाळतो. पोरगा कामसू आहे, पण त्याला घाई फार.

"मॅडम, प्रोसेसर शंभर टक्के चालून राह्यलाय. मी टास्क मॅनेजर उघडून तो प्रोग्राम चाळीस बार मारला. पुन्हा उठतो. अँटीव्हायरस नऊ तास फिरवला, काहीच सापडलं न्हाई. लई खतरनाक व्हायरस आहे."

"कोणता प्रोग्राम मारलास? नाव काय त्याचं?"

"नाव कोण वाचतंय? लाल दिसलं की मारायचं."

"चाळीस वेळा मारलास आणि एकदाही नाव वाचलं नाहीस?" माझा आवाज बाहेरपर्यंत गेला असणार. "माणूस तापाने फणफणला असताना त्याच्या नुसत्या थोबाडीत मारत बसशील का रे? हा कशाने तापला, एवढं तरी विचार त्याला!"

पाच मिनिटांनी चालू प्रोग्रामांची यादी उघडली. सगळ्यात वर होता, एकटाच शहाण्णव टक्के खाणारा, एक प्रोग्राम. मी त्याचं नाव मोठ्यांदा वाचलं. हरिओमचा चेहरा पडला.

"हा तर... हा तर मीच टाकलेला आहे. मागच्या वर्षी. लॅबच्या नोंदी ऑफिसात पाठवणारा."

"काम कसं करतो? नीट सांग."

त्याने सांगितलं ते असं. हा प्रोग्राम सारखा लॅबच्या नोंदींवर नजर ठेवतो. मागच्या खेपेनंतरची एखादी नवी फाईल दिसली, की हंगामातल्या सगळ्या नोंदी आणि रोपांचे हजारो फोटो यांचं दाबून एक गाठोडं बांधतो आणि ऑफिसच्या संगणकावर पाठवतो. ते बांधताना दहाएक मिनिटं यंत्राला घाम फुटतो. एरवी हे दिवसातून एकदा, फार तर दोनदा. प्रोग्राम कुणी बंद पाडला तर तो आपोआप पुन्हा सुरू व्हावा, अशी सोय हरिओमनेच करून ठेवली होती. त्याचा खतरनाक व्हायरस तो हाच.

"म्हणजे याला बुधवारपासून सारखं काहीतरी नवं दिसतंय," मी म्हटलं. "एक गाठोडं संपलं की दुसरं. काय दिसतंय नवं?"

प्रोग्राम आपली रोजनिशी लिहून ठेवतो. ती उघडायला आणखी पंधरा मिनिटं गेली. आत एकच ओळ शेकडो वेळा होती, खाली खाली, संपेचना. नवी फाईल, लॉट सत्तेचाळीस, सोयाबीन, अंतिम मोजणी. त्याच्याखाली परत तीच. त्याच्याखालीही तीच.

एकच फाईल पाच दिवस नवी कशी राहील? मी त्या फाईलवर गेले आणि तिची तारीख बघितली. मग भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग हरिओमला विचारलं, "आज किती तारीख?"

"पंचवीस मे. सोमवार."

फाईल बनल्याची तारीख होती सव्वीस मे, दुपारी एक वाजून पन्नास मिनिटं.

३

उद्याची फाईल आज तयार होती. प्रोग्राम बिचारा तारखा ताडून बघत होता, आणि प्रत्येक वेळी ही फाईल त्याला मागच्या गाठोड्यापेक्षा नवी वाटत होती. म्हणून तो पुन्हा बांधायला बसत होता. वेड लागलं होतं ते त्या फाईलच्या तारखेमुळे.

अशी फाईल बनवायला एकच रस्ता असतो. कुणीतरी संगणकाचं घड्याळ पुढे ढकललं, फाईल बनवली आणि घड्याळ मागे आणलं. इंटरनेट नसल्यामुळे हे यंत्र कुणी लावेल तीच वेळ खरी मानतं. पण घड्याळाला हात लावला की त्याची नोंद यंत्र एका कोपऱ्यात ठेवतं, आणि ते फार थोड्यांना ठाऊक असतं. मी ती नोंद काढली. बुधवार, वीस मे, जेवणाची सुट्टी. तारीख आधी पंचवीस मे केली होती. सहा मिनिटांनी सव्वीस मे. आणि आणखी काही मिनिटांनी पुन्हा वीस मे, या वेळी तारखेबरोबर तासमिनिटंही हाताने बसवलेली.

हे करायला पासवर्ड लागतो. तो कीबोर्डच्या पोटाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर होता. त्यामुळे पासवर्ड कुणाला माहीत होता, हा प्रश्नच बाद झाला.

मी हरिओमला तोंड बंद ठेवायला सांगितलं आणि लॅबचे प्रमुख सोमेश्वर सरांकडे गेले. साठीला आलेला, सज्जन, घाबरट माणूस. हातात घड्याळ नाही, सारखा दुसऱ्याला वेळ विचारणारा. सही करायच्या आधीही इकडेतिकडे बघतो.

"सर, लॉट सत्तेचाळीसची अंतिम मोजणी कधी आहे?"

"उद्या. सव्वीसला." त्यांनी समजावलं. सोयाबीनचे चारशे दाणे ओल्या कागदाच्या चार गुंडाळ्यांत घालून कपाटात ठेवतात. आठ दिवसांनी उलगडून चांगली रोपं मोजायची. शंभरात सत्तर निघाली तर लॉट पास, एक जरी कमी आलं तर पेरणीसाठी विकायचं नाही. "अठराला लावलं. लावल्याचा दिवस आमच्याकडं शून्य धरतात. आठ पूर्ण दिवस झाल्याशिवाय संगणक अंतिम मोजणीचं पान उघडतच नाही. आणि एकदा आकडा भरला की कुलूप. मलाही बदलता येत नाही."

"प्रियालाही हे माहीत आहे?"

"मोजणी तीच करते. माझे डोळे आता... मी फक्त सही करतो."

"आणि तिला बाहेर काढलं तेव्हा तुम्ही काय केलंत?"

ते खाली बघू लागले. "मी काय बोलणार? मालकांसमोर..."

मला त्यांच्या टेबलावरचा पाण्याचा तांब्या फेकावासा वाटला. पेनड्राइव्हला परवानगी यांनीच दिलेली, आणि पोरगी पाच दिवस लिंबाखाली बसलेली. मी उठून बाहेर आले.

बाहेर लॅब झाडणाऱ्या चतुराबाई मोजून झालेल्या मुगाची रोपं पिशवीत भरत होत्या.

"हे कुठं नेता, मावशी?"

"शेळीला. हिरवं झालेलं बी उकिरड्यावर टाकू ने बाई, पाप लागतं. प्रियाबाई म्हन्ती, ने मावशी." त्यांनी आवाज खाली केला. "त्या पोरीनं काई केलेलं न्हाई बरं. बुधवारी सुट्टीत ती माझ्यासंगं जेवत होती, लिंबाखाली."

शेवटी मी डिस्पॅचच्या खोलीत गेले. राधेश्याम, माल पाठवणारा मॅनेजर, दार उघडं टाकून ड्रायव्हरांवर ओरडत होता. बाहेर तीन ट्रक भरून उभे होते.

"या मॅडम. बसा. भेटला का व्हायरस?"

"भेटेल. हे ट्रक कशाचे?"

"सत्तेचाळीस नंबरचं सोयाबीन. जाफराबाद, भोकरदन, सगळीकडं. पेरणी तोंडावर आलीय. दुकानदार माझा जीव खाऊन राह्यले."

"टेस्ट व्हायच्या आधीच भरलंत?"

"झाल्यासारखीच आहे. मागच्या सोमवारी लावलं, आज सोमवार. आठ दिवस झाले की बराबर. पण ते लॅबवाले म्हणतात उद्या. मंग उद्या दुपारी गाड्या सोडायच्या." त्याने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, मग भिंतीवरच्या. "चला, पावणेपाच झाले. मला जल्दी आहे."

पावणेपाच ऐकून मीही घाईने उठले, कारण पाचला दुकानात गिऱ्हाईक येणार होतं. फाटकाशी येऊन रिक्षासाठी फोन काढला तर त्यात चार सदतीस झाले होते. खोलीतून फाटकापर्यंत यायला दोन मिनिटं लागली होती.

मी तिथेच थांबले. मग मागे वळून प्रियाला म्हटलं, "उद्या दीडला तू आत यायचं. कुणी अडवलं तर माझं नाव सांग. आणि चांगली झोप काढून ये, तुला चारशे रोपं मोजायची आहेत."

४

दुसऱ्या दिवशी दीडला मी सगळ्यांना लॅबमध्ये उभं केलं. कल्याणराव तक्रारीचा कागद हातात घेऊनच आले होते.

"बाई, टाइम न्हाई मला. मशीन दुरुस्त झालं का न्हाई?"

"मी त्याला हातही लावणार नाही. ते आपलं आपण दुरुस्त होईल. एक चाळीसनंतर जे गाठोडं सुरू होईल ते शेवटचं. दोनच्या आत पंखा शांत होईल."

राधेश्याम हसला. "आता मशीनची कुंडली बी बघता का?"

"बघते. थांबा."

पंचवीस मिनिटं फक्त पंखा घोंघावत होता. माझ्या फोनमध्ये एक चौपन्न झाले आणि त्याचा आवाज उतरत गेला. पडद्यावरचा आकडा शहाण्णववरून तीनवर आला. हरिओमने पुढे होऊन एक खिडकी उघडली. ती लगेच उघडली.

"व्हायरस असा वेळ बघून जात नसतो," मी म्हटलं. आणि मग फाईलची गोष्ट सांगितली, घड्याळाची सांगितली, सगळी. "कुणाला तरी सत्तेचाळीस नंबरचा आकडा प्रियाच्या आधी भरून कुलूप लावायचं होतं. भरलाय ब्याऐंशी. तो त्याच गाठोड्यातून ऑफिसातही पोचलाय. आज दुपारी फक्त प्रिंट काढायची आणि गाड्या सोडायच्या. प्रिया इथे असती तर तिने आज गुंडाळ्या उलगडल्या असत्या. म्हणून तिला काढायचं होतं. मशीन बिघडलं हे त्या माणसाचं नशीब, त्याला बहाणा आयता मिळाला."

"कोण?" कल्याणरावांनी विचारलं.

"ज्याने घड्याळ आधी पंचवीसला नेलं तो. पान उघडलं नाही म्हणून मग सव्वीसला नेलं. अठरा ते पंचवीस, सोमवार ते सोमवार. बाजाराचे आठ दिवस आपण सगळे असेच मोजतो. पण या लॅबमधलं माणूस तसं मोजत नाही. प्रिया रोज शून्यापासून मोजते, सोमेश्वर सर तीस वर्षं शून्यापासून मोजतायत. ही चूक बाहेरच्याचीच. कल्याणराव, तुम्ही बुधवारी कुठे होतात?"

"शहागडला. दुकानाचं उद्घाटन होतं. पेपरात फोटो आलाय माझा."

"मग उरले दोघं, हरिओम आणि राधेश्याम. हरिओम, या मशीनची वेळ बरोबर करून दाखव."

हरिओमने खिशातून फोन काढला, त्यात बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, हे तर दहा मिनिटं पुढं आहे."

"बुधवारपासून पुढे आहे. ज्याने घड्याळ मागे आणलं, त्याने नीटनेटकेपणा म्हणून मिनिटंही बसवली, स्वतःच्या घड्याळात बघून. हरिओमने बसवली असती तर फोनवरून बसवली असती, मिनिटाचाही फरक पडला नसता. फाईल एक पन्नासची होती, पण मशीन दहा मिनिटं पुढे, म्हणून मी एक चाळीस म्हटलं. या कंपनीत दहा मिनिटं पुढे चालणारी घड्याळं एकाच माणसाची आहेत, भिंतीवरचंही आणि मनगटावरचंही."

सगळ्यांच्या नजरा राधेश्यामच्या मनगटाकडे गेल्या. त्याने हात मागे घेतला.

"ड्रायव्हर लोक जल्दी निघावेत म्हणून मी ठेवतो तसं! हा काय पुरावा झाला? तोंड सांभाळून बोला मॅडम!" त्याच्या कपाळावरची शीर फुगली होती. "ब्याऐंशी आकडा खोटा आहे कशावरून? माल फस्क्लास आहे माझा!"

"मग अडचणच नाही. आज आठवा दिवस आहे. सर, कपाट उघडा."

सोमेश्वर सरांनी किल्ली लावली. दार उघडलं. आतल्या सगळ्या जाळ्या धुऊन स्वच्छ केलेल्या होत्या. एकही गुंडाळी नव्हती.

"किल्ली कुणाला दिली होतीत?" मी विचारलं.

सर पुटपुटले, "काल राधेश्याम म्हणाला... सफाई करायची..."

राधेश्याम आता शांत झाला होता. खुर्चीवर बसला आणि पायावर पाय टाकला. "मशीन बंद होतं. टेस्ट करायला कोणीच नव्हतं. घाण वास येऊन राह्यल्ता. मी फेकायला लावलं. आता मोजा काय मोजायचं ते."

५

माझ्या तोंडात आलेला शब्द इथे लिहिण्यासारखा नाही. तो मी पुरा बोलले. कल्याणरावांनीही ऐकला.

प्रिया मात्र दाराकडे गेली आणि तिने हाक मारली, "चतुरामावशी!"

चतुराबाई दारातच उभ्या होत्या, झाडू घेऊन.

"मावशी, काल कपाटातल्या गुंडाळ्या तुमच्याकडं दिल्त्या का?"

"राधेश्यामभाऊ म्हन्ले, मागं नेऊन जाळ." चतुराबाईंनी त्याच्याकडे न बघता सांगितलं. "हिरवं कुटं जाळत असतेत का? शेळीला न्यायच्या व्हत्या. पर टेम्पोत कालच्याला उबं राहायला बी जागा न्हवती, मंग ठुल्या नळाजवळ वल्ल्या गोणपाटाखाली. आज नेईन म्हन्लं."

राधेश्याम उठला. दारात हरिओम आडवा झाला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्या पोराने काहीतरी घाई न करता केलं.

चार गुंडाळ्या टेबलावर आल्या. प्रत्येकीवर पेन्सिलने लॉट नंबर, तारीख आणि प्रियाचं अक्षर. राधेश्याम ओरडला की रात्रभर बाहेर राहिलेली टेस्ट चालत नाही. सोमेश्वर सर पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून बोलले, "सात दिवस ती कपाटातच होती. उगवणारं होतं ते तोवर उगवलंय. चारी गुंडाळ्या ओल्या आहेत. मोज प्रिया."

तिने हात धुतले आणि पहिला कागद उलगडला. मी बियाणातली नाही, पण मलाही दिसलं. मध्ये मध्ये ताठ पांढऱ्या मुळांची रोपं, आणि त्यांच्यामध्ये बुरशी चढलेले, फुगून कुजलेले दाणे. वास आला. प्रिया चिमट्याने एकेक रोप उचलून बाजूला ठेवत होती आणि मोठ्यांदा मोजत होती. पहिल्यात पंचावन्न. दुसऱ्यात एक्कावन्न. तिसऱ्यात चोपन्न. चौथ्यात बावन्न.

"शेकडा त्रेपन्न," ती म्हणाली.

त्या खोलीत मला एकदम गरम होऊ लागलं. बाहेर तीन ट्रक उभे होते. शंभरातले सत्तेचाळीस दाणे मेलेले, आणि ते कुणीतरी तिफणीत घालून, पावसावर भरवसा ठेवून मातीत टाकणार होतं. रोप आलं नाही की तो माणूस स्वतःलाच दोष देणार, पेरणी खोल गेली, ओल कमी पडली. आणि हा इसम खुर्चीत पायावर पाय टाकून बसणार.

"भिजला होता माल," राधेश्याम म्हणाला. आता तो मालकाकडे बघत होता. "ऑक्टोबरात शेडमधी पाणी आल्तं, तुमाला माहीत आहे शेठ. तुमीच म्हन्ले ना, कसं बी करून जूनच्या आत काढ."

कल्याणरावांनी तक्रारीचा कागद दोनदा फाडला, तुकडे खिशात घातले आणि प्रियाजवळ आले. आवाज एकदम मऊ.

"पोरी, झालं गेलं. तुझं नाव साफ. मी आत्ता लेटरहेडवर लिहून देतो, प्रिया साळवे निर्दोष आहे, चालचलणूक उत्तम आहे, सगळं. सही, शिक्का, बिलकुल पक्कं. तुझ्या दाखल्याला कामी येईल." त्यांनी मोजणीचं रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं. "इथं फक्त सत्तर लिही. ब्याऐंशी न्हाई म्हणत मी. सत्तर. संगणकातलं हरिओम बघून घेईल."

"आणि न्हाई लिहिलं तर?" प्रियाने विचारलं.

"तर पत्र कशाचं देऊ? पेनड्राइव्ह तर तू लावल्ताच की. कागद पुन्हा टाइप करायला किती वेळ लागतो?"

मी तोंड उघडलं. प्रियाने माझ्याकडे न बघता हात वर केला, थांबा म्हणून. मी थांबले. बावीस वर्षांत मला असं कुणी गप्प केलं नव्हतं.

तिचं बोट त्या रिकाम्या रकान्यावर होतं. मांडीवरची ती प्लॅस्टिकची फाईल आता टेबलावर पडली होती आणि तिच्यातून अर्जाची प्रिंट दिसत होती, वर तिचा फोटो लावलेला. तिने पेन उचललं. अंकात लिहिलं, ५३. मग अक्षरात लिहिलं, त्रेपन्न. मग सही, तारीख आणि वेळ. वेळ लिहिण्याआधी तिने मला विचारली, मी फोन बघून सांगितली, दोन सत्तावन्न.

कल्याणराव म्हणाले, "एका सहीनं लॉट नापास होत न्हाई. प्रमुखाची लागते."

प्रियाने रजिस्टर उचललं आणि सोमेश्वर सरांपुढे धरलं. सरांनी मालकाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. मला वाटलं, गेलं. हा माणूस आता चष्मा विसरला म्हणेल.

"पेन दे," ते म्हणाले.

त्यांनी सही केली. वाकडीतिकडी, रकान्याच्या बाहेर गेलेली, पण पूर्ण नावाची. सहीखाली लिहिलं, लॉट नामंजूर, पेरणीसाठी विक्री करू नये. मग खणातून एक कोरा कागद काढला आणि तिथेच उभ्याने लिहायला लागले. वीस मे रोजी प्रिया साळवे यांनी माझ्या परवानगीने पेनड्राइव्ह वापरला. संगणकाच्या बिघाडाशी त्यांचा काही संबंध नाही. हे मी पाच दिवसांपूर्वीच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, ही चूक माझी. खाली सही. मी त्याच्याखाली बिघाडाचं कारण लिहिलं, घड्याळाच्या तिन्ही वेळा लिहिल्या आणि माझ्या दुकानाचा शिक्का मारला.

"सर, नोकरी जाईल तुमची," कल्याणराव म्हणाले.

"सात महिने राहिलेत," सर म्हणाले. "जाऊ द्या."

हरिओम बाहेर गेला होता. खिडकीतून त्याचा आवाज आला, तो ड्रायव्हरांना ताडपत्र्या सोडून माल उतरवायला सांगत होता.

प्रियाने पत्र दोनदा वाचलं. मग फाईल उघडून ते अर्जाच्या मागे सरकवलं, पुन्हा बाहेर काढलं आणि विचारलं, "सर, याच्या दोन झेरॉक्स काढू का?"

"पाच काढ," सोमेश्वर सर म्हणाले. "एक माझ्याकडं राहू दे."